चटई जमिनीला विचारून घ्यावी

योगासनांच्या चटईवर बोलायला मी कोण? मी कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण मध्यंतरी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या वांगणीच्या मुलांसाठी चटया आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्याआधी कुणीतरी दिलेल्या पातळ, चकचकीत चटया तिथे होत्या. सूर्यनमस्कार घालताना एका मुलीच्या हाताखालची चटई सरकली आणि तिचे मनगट चांगलेच मुरगळले. चार दिवस तिला पाटी धरता येईना. तेव्हा रंग बघून चटई घ्यायची नाही, एवढे मी ठरवले.

बैठक कशावर घालावी हा प्रश्न जुनाच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात गवत, मृगाजिन आणि वर वस्त्र अशी बैठक सांगितली आहे. ती फार उंच नसावी, फार सखलही नसावी. पण ती स्थिर बसण्यासाठी होती. उभे राहून पाय फाकवायचे, तर पकड लागते. पुण्याला बी. के. एस. अय्यंगार घोंगड्या, दोर, लाकडी ठोकळे अशा साध्या वस्तूंची मदत घेत. त्यांच्याकडे शिकलेल्या अँजेला फार्मर यांच्या तळहाता-तळपायांना शस्त्रक्रियेनंतर घाम येत नसे, त्यामुळे त्या घसरत. १९८०च्या दशकात जर्मनीत शिकवताना त्यांना गालिचाखाली घालायचे रबरी अस्तर सापडले. आजची चिकट चटई ही त्या अस्तराची नात म्हणायची!

म्हणजे पकड दोन्हीकडे हवी. वर अंगाशी आणि खाली जमिनीशी. दुसरी आपण विसरतो. गुळगुळीत फरशीवर रबराची किंवा पीव्हीसीची चटई घट्ट बसते. पण वांगणीच्या घरातल्या शेणाने सारवलेल्या भुईवर तिला धूळ चिकटते आणि पकड जाते. तिथल्या एका आजींनी मला सुनावलेच, “चाचा, ही चटई माझं सारवण उचलून नेते!” अशा भुईवर सुती सतरंजी किंवा घोंगडी बरी. सुताची आणखी एक गंमत आहे. किंचित ओले झाले की ते हाताला जास्त धरते, उलट चकचकीत प्लॅस्टिक घामाने निसरडे होते.

जाडीचा मोह टाळावा. तीन ते सहा मिलिमीटर पुरते. दहा-बारा मिलिमीटरच्या मऊ फोमवर एका पायावर उभे राहून बघा, घोटा डुगडुगतो. माझी आजी गुबगुबीत गादीवर नमाज पढू देत नसे. सिजद्यात कपाळ नीट टेकले पाहिजे, असे तिचे म्हणणे. तळहाताचेही तसेच आहे. गुडघे दुखत असतील तर त्यांच्याखालीच एक घडी घालावी, सगळी चटई जाड कशाला?

लांबी आपल्या उंचीहून वीतभर जास्त असावी. बाजारातली नेहमीची चटई १७३ सेंटिमीटरची असते. उंच माणसाला १८३ची पाहावी लागते. दुकानात चटई पसरायला सांगा, तळहात दाबून पुढे ढकला, मग वास घ्या. उग्र वास आला तर ती ठेवून द्या. नैसर्गिक रबर चांगले, पण ज्यांना लॅटेक्स सोसत नाही त्यांनी ते टाळावे. आणि उन्हात वाळवले तर ते तडकते. आसामात दीपोर बीलच्या काठच्या मुलींनी जलपर्णीपासून विणलेली चटईही २०२१ मध्ये पुढे आली. आपल्याकडच्या शिंदीच्या चटईवर बसणे छान, पण तिच्या कडा तळहाताला बोचतात.

वांगणीसाठी मी शेवटी काय घेतले? शाळेत फरशी, पावसात मुलांचे पाय ओले. प्रत्येकाला रबरी चटई घ्यायची तर पैसे पुरेनात. म्हणून सुती सतरंज्या घेतल्या आणि खाली घालायला जाळीदार रबरी अस्तर मीटरवर कापून आणले. पुन्हा त्या जर्मन अस्तरापाशीच आलो! एकच अडचण उरली. योगदिन २१ जूनला, नेमका पावसाच्या तोंडावर, आणि जव्हारच्या पावसात सूत लवकर वाळत नाही, बुरशी धरते. आता व्हरांड्यात दोर बांधला आहे. ते मनगट मुरगळलेली मुलगीच सतरंज्या त्यावर टाकते आणि दुसऱ्या दिवशी दमट निघालेली सतरंजी कुणाला वापरू देत नाही.