नवऱ्याची किडनी बायकोला का चालत नाही?

शिरूर किंवा दौंडकडच्या एखाद्या बाईच्या किडन्या निकामी होतात, डायलिसिस सुरू होतं आणि नवरा म्हणतो, ‘माझी एक घ्या.’ रक्तगट जुळतो. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं नवरा जवळचा नातेवाईकच ठरतो, म्हणजे तिथंही अडत नाही. तरीही पुण्याच्या प्रयोगशाळेतून ‘क्रॉसमॅच पॉझिटिव्ह’ असा अहवाल येतो आणि सगळं थांबतं. अनेकदा याचं मूळ तिच्या बाळंतपणांत असतं.

पोटातल्या बाळाच्या पेशींवर निम्म्या खुणा बापाकडून आलेल्या असतात. या खुणांना एचएलए म्हणतात आणि पांढऱ्या पेशींवर त्या ठळक असतात. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरल्या की काही बायकांच्या शरीरात त्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. बाळाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. पण त्याच खुणा नवऱ्याच्या किडनीवरही असतात. गर्भपात झालेला असला किंवा रक्त चढवलेलं असलं, तरी अशी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात.

पॅरिसच्या जाँ दोसे यांना १९५०च्या दशकात अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होताना दिसल्या. या वाटेवरच्या कामासाठी त्यांना १९८०चं नोबेल मिळालं. बाळंतपण झालेल्या बायकांच्या रक्तातही हेच घडतं, असं १९५८मध्ये हॉलंडचे यान व्हॅन रूड आणि अमेरिकेच्या रोझ पेन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. गुठळ्यांची चाचणी मात्र बेभरवशाची होती. १९६४मध्ये पॉल तेरासाकी यांनी तिला पर्याय दिला.

त्यांच्या चाचणीत तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या तबकडीत इवल्या खळग्यांच्या रांगा असतात. प्रत्येक खळग्यात तेलाच्या थेंबाखाली रुग्णाचा एक मायक्रोलिटर रक्तद्रव असतो. त्यात दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी सोडतात, मग सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट. प्रतिपिंडे पेशीला चिकटली असतील, तर कॉम्प्लिमेंट तिच्या आवरणाला भोकं पाडतं. शेवटी रंग घालतात: मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पेशी चकाकत राहते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तंत्रज्ञ मेलेल्या पेशींचं प्रमाण ठरवतो; ते जास्त असेल, तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह.

१९६९मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या होत्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. त्यानंतर ही चाचणी टाळणं कुणालाच परवडणारं राहिलं नाही.

आता फ्लो सायटोमीटर चिकटलेली प्रतिपिंडे लेझरनं टिपतो. एकेका एचएलए खुणेचे सूक्ष्म मणी वापरले, की नेमकं कोणत्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड आहे तेही कळतं. मात्र मण्यांवरचा प्रत्येक आकडा धोक्याचा नसतो. तो पेशींवरच्या निकालाशी आणि रुग्णाच्या पूर्वेतिहासाशी ताडूनच पाहावा लागतो.

त्यामुळेच घरून सांगितलेली माहिती फार मोलाची ठरते. किती बाळंतपणं झाली, पोट कधी पाडलं किंवा पडलं, रक्त कधी चढवलं, हे डॉक्टरांना काहीही न लपवता सांगा. डायलिसिसच्या रुग्णाला रक्त चढवायची वेळ आली, तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळेल का, ते विचारा. आणि चाचणीनंतर एक पिशवी जरी चढवली, तरी शस्त्रक्रियेआधी ते प्रत्यारोपण केंद्राला कळवा. प्रतिपिंडे काही आठवड्यांत वाढू शकतात आणि क्रॉसमॅच नव्यानं करावी लागते.