गिऱ्हाइकाची अट

अमेरिकेत आजारपणाचा विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. कंपनी कामगाराचा विमा उतरवते, त्याच्या बायकोचा उतरवते, पोरांचा उतरवते. १९९०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने घरंच्या घरं उठवली होती. वर्षानुवर्षं एकत्र संसार केलेल्या दोन पुरुषांपैकी एकाची नोकरी कितीही भक्कम असो, दुसरा त्याच्या विम्यात बसत नव्हता. लग्न करावं, तर कायदा करू देत नव्हता. शहराने आपल्या हातातलं तेवढं केलं. १९९१पासून अशा जोडप्यांची अधिकृत नोंद सुरू झाली, शहराच्या स्वतःच्या नोकरांच्या जोडीदारांना विमाही मिळू लागला. पण खाजगी कंपन्यांतल्या लोकांचं काय?

तिथे आडवा येत होता १९७४चा ‘एरिसा’ हा केंद्रीय कायदा. कंपन्यांच्या पेन्शन आणि विमा योजनांमध्ये राज्यांनी वा शहरांनी लुडबुड करायची नाही, असं तो सांगतो. पन्नास राज्यांचे पन्नास नियम नकोत, हा हेतू रास्तच होता. पण त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोने उद्या फर्मान काढलं असतं, तर परवा कोर्टाने ते फाडलं असतं.

वाट निघाली ती कंत्राटाच्या कागदातून. शहराशी व्यवहार करणाऱ्याने लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, हे कलम तिथे आधीपासूनच होतं. त्याच्याकडे आता नव्या नजरेने पाहिलं गेलं. एकच काम करणारे दोघे. एकाच्या बायकोच्या विम्याचा हप्ता कंपनी भरते, दुसऱ्याच्या जोडीदाराचा भरत नाही. म्हणजे पहिल्याला पगारच जास्त मिळतो. मग हा भेदभाव त्याच कलमाखाली येत नाही का? आणि एरिसा अडवतो ते सरकारच्या हुकमाला. शहर तर इथे गिऱ्हाईक होतं. भाजी कुणाकडून घ्यायची हे गिऱ्हाइकाने ठरवलं, तर त्याला कायदा मोडला असं कोण म्हणेल?

टॉम अमियानो, लेस्ली कात्झ आणि सुझन लियाल या नगरप्रतिनिधींनी प्रस्ताव आणला. नोव्हेंबर १९९६मध्ये तो मंजूर झाला, महापौर विली ब्राउन यांनी सही केली आणि १ जून १९९७पासून अंमल सुरू झाला. देशातला असा हा पहिलाच नियम. त्याची मांडणी मोठी हुशारीची आहे. विमा द्याच, असं तो कुठेही म्हणत नाही. लग्नाच्या जोडीदाराला जे देता, तेच नोंदणी झालेल्या जोडीदाराला द्या. कुणालाच देत नसाल, तर प्रश्नच मिटला. विमा कंपनी तयार नसेल, तर तेवढी रक्कम कामगाराच्या हातात ठेवा. (निविदेतली अट म्हटली की आपल्याला आधी ‘कुणाच्या माणसासाठी?’ हेच सुचतं. अटीचा असाही उपयोग होतो, याचं मला अप्रूप वाटतं.)

पहिला पेच चर्चचा. कॅथॉलिक धर्मादाय संस्था शहराच्या पैशातून समाजसेवेची कामं करत होती आणि आर्चबिशप विल्यम लेव्हाडा यांना ही अट धर्माविरुद्ध वाटत होती. फेब्रुवारी १९९७मध्ये तोडगा निघाला: कामगाराने आपल्या घरात राहणाऱ्या कुणाही एका माणसाचं नाव द्यावं. जोडीदार, बहीण, म्हातारी आई, कुणीही. चर्चने ‘जोडीदार’ मान्य केला नाही आणि विमा मात्र जोडीदारापर्यंत पोचला!

खरी लढाई विमानतळावर झाली. युनायटेड एअरलाइन्सला तिथे जागेचा करार हवा होता, अट नको होती. विमान कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. एप्रिल १९९८मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी युक्तिवादाच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवलं. साधं गिऱ्हाईक म्हणून शहर अट घालू शकतं. पण विमानतळाचा मालक एकटं शहरच. विमान कंपनी दुसरीकडे जाणार कुठे? तिथे शहर गिऱ्हाईक उरत नाही, सत्ताधारी होतं. त्यामुळे विमान कंपन्यांच्या विमा आणि पेन्शनपुरती अट रद्द झाली. एरिसाच्या कक्षेबाहेरच्या सवलती मात्र शाबूत राहिल्या. त्यात जोडीदार गेल्यावर मिळणारी रजा होती आणि विमान कंपन्यांच्या नोकरांना जिवापाड प्रिय असलेला फुकट प्रवासाचा पासही.

विजेचे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारी ओहायोची एक कंपनीही अटीविरुद्ध लढली. परगावच्या धंद्यावर शहराने आपली मतं लादू नयेत, हा तिचा मुद्दा २००१मध्ये अपील कोर्टाने फेटाळला.

युनायटेडचं तोवर मिटलं होतं. कोर्टाने विम्यातून सुटका केली, तरी अटीच्या समर्थकांनी कंपनीवर टाकलेला बहिष्कार सुरूच राहिला. १९९९च्या उन्हाळ्यात कंपनीने समलिंगी जोडीदारांना विमा आपणहून जाहीर केला. पाठोपाठ काही दिवसांतच अमेरिकन आणि यूएस एअरवेज याही तयार झाल्या, आणि तेही फक्त सॅन फ्रान्सिस्कोपुरतं नाही, तर देशभरातल्या आपल्या नोकरांसाठी.