'चीनला व्हिसा लागत नाही' हे रील बघून तिकीट काढलंत, तर मुंबई विमानतळावरूनच घरी परत याल

रील तुम्हीही बघितलं असेल. रात्रीचं शांघाय, नदीपलीकडं चमकणारा ओरिएंटल पर्ल टॉवर, आणि वर मोठ्या अक्षरात, "१० दिवस चीन, व्हिसाची झंझट नाही!" खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, "मुंबईवरून किती लागतील?" मग दुसरा कुणीतरी स्वस्तातल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकतो आणि तिसरा मित्राला टॅग करतो, "चल भावा".

आता या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या तुमच्यासाठी खऱ्या नाहीत.

चीननं डिसेंबर २०२४ मध्ये ट्रान्झिट प्रवाशांना २४० तास, म्हणजे १० दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत दिली. पण ती ठराविक पन्नासएक देशांच्या पासपोर्टला आहे आणि त्या यादीत भारत नाही. रील बनवणारा बहुतेक वेळा ब्रिटिश, अमेरिकन नाहीतर ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाला असतो. त्यातही ही सवलत तिसऱ्या देशात जाणाऱ्यांना मिळते. म्हणजे लंडन-शांघाय-टोकियो चालतं, लंडन-शांघाय-लंडन चालत नाही.

भारतीयांना काय मिळतं? २४ तासांची ट्रान्झिट सवलत. तीसुद्धा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट हातात असेल तर. मुंबईहून शांघाय फिरायला जाऊन परत यायचं असेल, तर आधी व्हिसा काढावाच लागतो. तो नसेल तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच तुम्हाला थांबवतात, कारण कागद नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. आणि तिकीट स्वस्तातलं असेल, तर त्याचे पैसे परत मिळायची आशा जवळपास सोडायचीच.

म्हणून चीनच्या स्वस्त प्रवासाचं गणित तिकिटापासून सुरू होत नाही, ते पासपोर्टपासून सुरू होतं.

आधी व्हिसा, मग विमान

फिरायला जाणाऱ्यांसाठी एल व्हिसा असतो आणि धंद्यासाठी एम. ग्वांगझूच्या कँटन फेअरला जाणारे आपल्याकडचे व्यापारी बहुतेक एम व्हिसावर जातात, त्याला निमंत्रणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि चीनचं व्हिसा केंद्र मुंबईतही आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

इथं एक अडचण येते. व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा दाखवावा लागतो, आणि व्हिसा मिळायच्या आधी तिकीट काढायची भीती वाटते. भीती रास्त आहे. अशा वेळी रद्द करता येणारं हॉटेल बुकिंग आणि थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारं तिकीट घ्यावं. ते जास्तीचे पैसे म्हणजे विम्याचा हप्ता समजा.

अर्ज भरतानाच ठरवा की हाँगकाँगला जायचंय का. हाँगकाँग चीनचाच भाग असला तरी इमिग्रेशन वेगळं आहे. शांघाय बघितलं, मध्येच दोन दिवस हाँगकाँगला गेलात आणि परत ग्वांगझूला यायचं म्हणालात, तर चीनमध्ये तुमचा दुसरा प्रवेश होतो. हातात सिंगल एंट्री व्हिसा असेल तर विषय तिथंच संपतो. हाँगकाँगमध्ये शिरायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. विमानतळाबाहेर न पडता नुसतं विमान बदलणार असाल तर तिचीही गरज नाही.

थेट की फिरून?

२०२० मध्ये कोविड आला आणि भारत-चीन थेट विमानं बंद पडली. त्यानंतर गलवान झालं आणि ती पाच वर्षं बंदच राहिली. २६ ऑक्टोबर २०२५ ला इंडिगोनं कोलकाता-ग्वांगझू सुरू केलं, १० नोव्हेंबरला दिल्ली-ग्वांगझू. त्याच सुमाराला चायना ईस्टर्नचं शांघाय-दिल्लीही सुरू झालं. वेळापत्रकं अजून बदलतायत, त्यामुळं मुंबईहून थेट काय मिळतंय ते बुकिंगच्या दिवशीच बघा.

थेट नसेल तर दोन रस्ते. एक, दिल्ली किंवा कोलकात्याला जाऊन तिथून. दोन, हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर यांपैकी कुठंतरी विमान बदलून.

आपली खरी फसगत या दुसऱ्या रस्त्यावर होते.

समजा, सर्च केल्यावर दोन पर्याय आले. एक ३२ हजारांचा, एक २४ हजारांचा. (आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत.) कुणीही २४ वर बोट ठेवणार. पण नीट बघितलं तर खाली बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं असतं. म्हणजे ही दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं आहेत, वेबसाइटनं नुसती शेजारी ठेवलीयेत. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं आणि दुसरं निघून गेलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. नवं तिकीट, तेही त्या दिवसाच्या भावानं.

बॅगेचंही तेच. ती शांघायपर्यंत जात नाही, मधल्या शहरात पट्ट्यावरून उचलून परत जमा करावी लागते. त्यासाठी त्या देशाचं इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणजे तिथं शिरायची परवानगी हवी. मलेशियानं भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत व्हिसामाफी दिलीय, फक्त डिजिटल अरायव्हल कार्ड आधी भरायचं. सिंगापूरला मात्र आपल्याला साधारणपणे व्हिसा लागतो. म्हणजे चीनचा व्हिसा खिशात असूनही तुम्ही सिंगापुरात अडकू शकता.

वर स्वस्त कंपनीच्या भाड्यात चेक-इन बॅग धरलेली नसते. दोन तिकिटं म्हणजे दोनदा बॅगेचे पैसे. जेवणाचे वेगळे. बारा तासांचा थांबा असेल तर हॉटेल. २४ चे ३३ कधी झाले कळतही नाही.

यावर उपाय सोपा आहे. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. मग बॅग सहसा मुंबईत दिली की शांघायला मिळते, आणि मधलं विमान चुकलं तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची. दिल्लीमार्गे जातानाही हेच. दिल्लीत टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत. मुंबईचं विमान टी-१ ला उतरलं आणि चीनचं टी-३ वरून असेल, तर दोन तासांचं अंतर ठेवणं म्हणजे जुगारच.

विमानतळाचं नावही वाचा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत, शहराच्या दोन टोकांना. शांघायला पुडोंग आणि होंगचाओ, बीजिंगला कॅपिटल आणि डाशिंग. सर्चमध्ये नुसतं 'शांघाय' दिसतं.

तारखा बघताना आपली नाही, त्यांची सुट्टी बघा

आपण दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी बघून तारखा काढतो. चीनचं कॅलेंडर वेगळं आहे. १ ऑक्टोबरपासूनचा गोल्डन वीक, १ मेच्या आसपासची सुट्टी आणि चिनी नवं वर्ष या तीन काळांत अख्खा देश प्रवासाला निघतो. २०२७ मध्ये नवं वर्ष ६ फेब्रुवारीला आहे. या दिवसांत विमान एकवेळ मिळेल, पण हॉटेल आणि रेल्वेचं तिकीट मिळणं अवघड. तिथली रेल्वे तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात आणि सुट्टीत आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी गत होते.

ग्वांगझूला जाणार असाल तर आणखी एक. कँटन फेअर १९५७ पासून भरतो. वर्षातून दोनदा, १५ एप्रिल ते ५ मे आणि १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. त्या काळात तिथली हॉटेलं महागतात. फेअरला जायचं नसेल तर ते दिवस टाळा. आमच्या मते मार्च किंवा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा हा चांगला काळ.

'मंगळवारी मध्यरात्री बुक करा', 'इनकॉग्निटो लावा', हे सल्ले सोडून द्या. भाडं ठरतं ते वेगळ्याच पद्धतीनं. एकाच इकॉनॉमी केबिनमधल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. स्वस्त कप्पा संपला की भाव एकदम उडी मारतो. याचा एक फायदा घेता येतो. चौघं जाणार असाल तर आधी एकाच माणसासाठी सर्च करून बघा. स्वस्त कप्प्यात तीनच सीट उरल्या असतील, तर चौघांसाठी सर्च केल्यावर बऱ्याचदा चौघांनाही वरचा भाव लागतो. मग तीन आणि एक असं वेगळं काढलेलं परवडतं.

आणि गेलो त्याच शहरातून परत यायची सक्ती नाही. 'मल्टी-सिटी' निवडून शांघायला उतरा, ग्वांगझूहून परत या. मधला प्रवास हायस्पीड रेल्वेनं सात-आठ तासांत होतो, आणि परत शांघायला यायचं भाडं वाचतं. फक्त दोन वन-वे तिकिटं वेगळी काढू नका, मोठ्या कंपन्यांकडं ती बहुतेक वेळा महाग पडतात.

उतरल्यावर

चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं आहे. स्वस्त विमानं बऱ्याचदा रात्री उशिरा किंवा पहाटे पोचतात. कोलकाता-ग्वांगझू सुरू झालं तेव्हा ते पहाटे चारच्या सुमारास उतरत होतं. त्या वेळी मेट्रो बंद असते. पुडोंगहून शहरात मेट्रोनं दहा युआनच्या आत काम होतं, मॅग्लेव्हला ५० युआन लागतात, पण मध्यरात्री टॅक्सीला दीडशे-दोनशे युआन मोजावे लागतात. तिकिटात हजार रुपये वाचवून टॅक्सीत दोन हजार घालवण्यात काही अर्थ नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून चीनचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं, ते निघण्याआधी भरून टाका. अलीपे इथूनच डाउनलोड करून कार्ड जोडून घ्या, कारण तिथं चहावालासुद्धा क्यूआर कोड पुढं करतो. आणि तिकीट, व्हिसा, हॉटेलचा चिनी लिपीतला पत्ता यांची कागदावर प्रिंट ठेवा. तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि जीमेल उघडत नाही. हॉटेलचा पत्ता मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलाय हे विमानतळाबाहेर आल्यावर आठवलं, तर टॅक्सीवाल्याला दाखवायला हातात काहीच नसेल.