मॅटाडोर गेली, पिकअप आली : नफ्याचा आणि मनाचा हिशेब

कापडाच्या तिजारतीत दुकानाइतकेच गाडीला महत्त्व आहे. शहरातला व्यापारी गादीवर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहू शकतो. कळवणसारख्या तालुक्यात ते जमत नाही. इथे अभोणा, कनाशी, दळवट, नांदुरी अशी गावे दूरदूर पसरलेली आहेत आणि आदिवासी पाड्यांवरचे गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशीच हाती पैसे घेऊन उतरते. तेव्हा माल त्याच्यापर्यंत न्यावा लागतो. आमच्या घराने हे काम सत्तावीस वर्षे एकाच गाडीवर केले. १९९६ साली अब्बांनी घेतलेली बजाज टेम्पोची मॅटाडोर आम्ही २०२३ साली दिली आणि तिच्या जागी पिकअप घेतली. असा सौदा आमच्या अनेक व्यापारी बांधवांपुढे आज ना उद्या येणार आहे. म्हणून त्यातला फायदा, नुकसान आणि मनाची ओढाताण इथे मांडतो.

मॅटाडोरची खासियत

नव्या पिढीला मॅटाडोर ठाऊक नाही. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने ही गाडी काढली. फिरोदिया घराण्याच्या या कंपनीने १९५८ पासून जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालगाड्या बनवल्या आणि 'टेम्पो' हा शब्दच मराठीत छोट्या मालगाडीसाठी रूढ झाला. पुढे मॅटाडोर आली. शाळेची मुले, वऱ्हाड, दूध, भाजीपाला, रुग्ण, सगळ्यांना तिने वाहिले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोरचे उत्पादन त्याआधीच थांबले होते.

तिची बनावट वेगळी होती. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असे, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खाली नव्हता. त्यामुळे आतली फरशी जमिनीपासून कमी उंचीवर होती. कापडाची जड गाठ दोन माणसे सहज आत सरकवत. माल उतरवल्यावर आत जागा मोकळी होई आणि वर छप्पर असे. याच बनावटीचा तोटाही होता. मागे भार जास्त झाला की पावसात चढावर पुढची चाके जागेवर फिरत. म्हणून जड गाठी चालकाच्या पाठीशी आणि हलका माल, म्हणजे रुमाल, परकर, झंपर पीस मागे, असा भरण्याचा नियमच आमच्याकडे पडला होता. साड्यांसाठी सुरतेला जाताना कनाशीकडून हातगड, तिथून सापुतारा, या रस्त्याने पावसाळ्यात जाताना या नियमाचे महत्त्व कळे.

मालेगावहून लुंगी, टॉवेल, चादरी, सुरतेहून साड्या, आणि आमच्या भागातल्या आदिवासी भगिनी वापरतात त्या फडक्या, हा आमचा माल. उन्हाळ कांदा निघाला आणि भाव बरा मिळाला की लग्नसराईत कापड उठते. भाव पडला की उधारीची वही जाड होते. चैत्रात सप्तशृंगी गडाची यात्रा भरते, खानदेशातून भाविक पायी येतात, तेव्हा नांदुरीच्या पायथ्याशी टॉवेल-रुमालाचा खप असतो. या सगळ्या फेऱ्यांत मॅटाडोर होती. पाड्यावरची मुले तिचा आवाज ओळखत. 'कापडवाले चाचा आले' हा निरोप आमच्या आधी पोचे. अब्बांच्या इंतकालानंतर पहिल्या बाजाराला आम्ही गेलो, तेव्हा लोकांनी आमच्याआधी गाडीला ओळखले आणि अब्बांच्या जबानीवर दिलेली उधारी न मागता आणून दिली.

बदलाची वेळ कशी आली

धंद्याची गाडी जुनी झाली की तिचा खर्च चारही बाजूंनी वाढतो. व्यापारी वाहनाला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढली. जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहे. त्यात उत्पादन बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग मिळणे म्हणजे मालेगाव, नाशिकच्या भंगार बाजारात शोधाशोध. पुढच्या चाकांचे जॉइंट झिजले की जोडी मिळेपर्यंत गाडी उभी. शेवटच्या वर्षात नऊ आठवडे आमची गाडी गॅरेजमध्ये होती. दुरुस्तीचे बिल सगळ्यांना दिसते. त्या नऊ बाजारांची गेलेली विक्री कुठल्याच बिलात दिसत नाही.

वहीतल्या किमतीचेही पाहू. धंद्याच्या वाहनावर आयकराच्या हिशेबात सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा धरतात. या दराने शंभर रुपयांच्या गाडीची किंमत सत्तावीस वर्षांनी सव्वा रुपया उरते. म्हणजे वहीला विचारले तर गाडी कधीच संपली होती. पण वही आणि मन यांचा मेळ बसत नव्हता. धाकटे भाऊ म्हणत, अब्बांची निशाणी आहे, दारात उभी राहू द्या. मुलगा म्हणे, उभ्या गाडीला गंज लागेल आणि निशाणीही जाईल. दोघांचे म्हणणे खरे होते. सत्तावीस वर्षे ती गाडी चालवणारे आमचे ड्रायव्हर चाचा काहीच बोलत नव्हते, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड प्रश्न होता. साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातचे काम गाडीबरोबर जाणार होते.

गाडी किती कामे करते?

सौदा करण्याआधी आम्ही एका कागदावर मॅटाडोरची कामे लिहून काढली. माल वाहणे हे त्यातले एकच काम निघाले. ती पावसाळ्यात दुकान होती. महिला गिऱ्हाईक आत बसून, ऊन-पाऊस आणि बाजारातल्या नजरा टाळून, निवांत साडी पसंत करत. ती गोदाम होती, रात्री उशीर झाला तर मुक्कामाची खोली होती, आणि ओळखीची पाटीही होती. व्यापारी बांधवांनी गाडी बदलण्यापूर्वी अशी यादी जरूर करावी. कारण शोरूममध्ये नव्या गाडीची तुलना फक्त टन आणि मायलेज यांत होते. बाकीच्या कामांची सोय आपल्यालाच लावायची असते.

पर्याय आम्ही दोन पाहिले. एक टाटा एस, जिला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. २००५ साली ती आली आणि गल्लीबोळातल्या मालवाहतुकीचे रूप तिने बदलले. शहरातल्या दुकानदाराला ती उत्तम. पण घाटातून भरलेल्या गाठी नेण्यासाठी आम्हाला जास्त ताकद हवी होती. म्हणून एक टनाहून अधिक माल नेणारी पिकअप घेतली. मागच्या चाकांना ताकद मिळत असल्याने भार मागे असला तरी चढावर चाके धरून ठेवतात. सुटे भाग कळवणमध्येच मिळतात. सुरतेची फेरी, जिला पूर्वी मुक्काम लागे, ती आता बहुधा एका दिवसात होते.

आता नुकसान. पिकअपचा हौदा उंच आणि उघडा आहे. वर ताडपत्री, बाजूला कनात आणि खाली दोन बाकडी अशी व्यवस्था आम्ही पहिल्या दिवसापासून केली. तरीही पहिल्या पावसाळ्यात साड्यांची विक्री घटली. टॉवेल, लुंगी, चादरीचा खप होता तसाच राहिला. यातून एक गोष्ट पक्की समजली. पुरुष गिऱ्हाईक उभ्याने माल घेतो. साडी घेणाऱ्या भगिनीला बसायला जागा आणि आडोसा लागतो, आणि तो आडोसा मॅटाडोर देत होती. दुसऱ्या वर्षी तीन बाजारगावांत ओळखीच्या घराची ओसरी भाड्याने घेतली आणि विक्री बरीच सावरली. हे भाडे नव्या गाडीच्या खर्चातच धरले पाहिजे.

ड्रायव्हर चाचांना आम्ही विक्रीवर बसवले. पाड्यापाड्यांतली नावे, नाती, कुणाची उधारी किती, हे त्यांना तोंडपाठ आहे. नवी गाडी मुलगा चालवतो. चाचा शेजारी बसतात आणि अजूनही जड गाठी पुढे ठेवायला सांगतात. पिकअपला त्याची तेवढी गरज नाही. पण त्यांना कोणी अडवत नाही.

सौदा स्वच्छ असावा

जुनी गाडी देण्याचे तीन रस्ते आहेत. पहिला, नव्या गाडीच्या विक्रेत्याकडे बदलीत देणे. यात दगदग कमी, भावही कमी. दुसरा, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र. केंद्र सरकारचे धोरण २०२१ पासून लागू आहे. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या व्यापारी वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. तिसरा, खासगी गिऱ्हाईक. आम्हाला चहा-नाश्त्याची फिरती गाडी करू इच्छिणारा तरुण मिळाला. दुरुस्तीची कामे तो स्वतः करणारा होता. फरशीखालचा गंज, जॉइंटची झीज, पावसात गळणारा एक कोपरा, सगळे ऐब आम्ही त्याला दाखवले. त्याने किंमत कमी केली, आम्ही कबूल केली. ऐब झाकून विकलेल्या मालात बरकत नसते, हे कापडाला लागू आहे तसेच गाडीलाही.

कागदपत्रांबाबत मात्र नरमाई नको. गाडी दिली की चौदा दिवसांत आरटीओला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलून झाल्याखेरीज सौदा पूर्ण समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. 'ओळखीचा आहे, करून घेईल नाव' या भरवशावर राहणारा व्यापारी घरदार धोक्यात घालतो.

जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. ज्या गाडीवर घसारा घेतला आहे ती विकताना विक्रीची किंमत आणि घसारा जाऊन उरलेली किंमत यांतील फरकावर कर लागतो. २०२५ पासून हा दर १८ टक्के आहे. वर पाहिल्याप्रमाणे जुन्या गाडीची वहीतील किंमत जवळजवळ शून्य असते, म्हणून आलेली बहुतेक रक्कम या फरकात मोडते. सौद्याआधी हिशेबनिसाला विचारावे.

पैशाची तयारीही आधीपासून हवी. आमच्यातले पुष्कळ बांधव व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. त्यांना तर दुसरा मार्गच नाही. वहीत घसारा लिहिला जातो, पण तेवढी रक्कम बाजूला कोणी काढत नाही. दर बाजाराच्या विक्रीतून थोडे वेगळे ठेवत गेलो म्हणून आम्हाला नवी गाडी रोखीने घेता आली.

मनाचे काय, असे विचाराल तर अजून दोन्ही बाजू आहेत. महिनाअखेरीस हिशेब लिहिताना पिकअपबद्दल समाधान वाटते. आषाढात दळवटच्या बाजारात कनातीवरून पाणी ठिबकते आणि एखादी वृद्ध मावशी 'तुमची ती घरासारखी गाडी कुठे गेली?' म्हणून विचारते, तेव्हा मॅटाडोरची आठवण येते. या आठवणीला वेडेपणा म्हणू नये, कारण ती मावशी गिऱ्हाइकाची अडचणच सांगत असते. आमच्या व्यापारी बांधवांना विनंती एवढीच की, जुनी गाडी वेळेवर द्यावी, इमानाने द्यावी, आणि ती लोकांची जी सोय करत होती ती नव्या गाडीच्या हौद्यात कुठे बसवायची, याचा विचार चावी हातातून सोडण्याआधी करावा.