पावसाआधीची वीज

जुलै लागला की कोल्हापुरात ‘जेवलास काय?’च्या आधी ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ असं विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पंचगंगेनं ५५ फूट गाठले, २०२१ मध्ये ५६.

दुसरी बातमी येते राधानगरीहून, स्वयंचलित दरवाजे उघडल्याची. धरण भरलं की सातपैकी एकेक दरवाजा आपोआप उघडतो आणि सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी भोगावतीत सोडतो. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेल्या या धरणाचे हे दरवाजे पाण्याच्याच जोरावर चालतात. त्यांना विजेचं बिल येत नाही. मात्र त्यांना आलेलं पाणी तेवढं कळतं. न आलेल्या पाण्याचा हिशेब मांडायचा तर वीज लागते, आणि तीही भरपूर.

तो हिशेब पुण्यात पाषाणला होतो, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथल्या ‘अर्क’ या महासंगणकाचं लोकार्पण झालं. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. २०१८ पासून तिथे असलेल्या ‘प्रत्यूष’ची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती.

एवढी ताकद कशाला? गगनबावड्यात पाऊस कोसळत असतो आणि त्याच वेळी शिरोळात नुसता शिंतोडा पडतो. संगणक मात्र जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच सरासरी लावतो. बारा किलोमीटरच्या चौकोनात घाटमाथा आणि पायथा एकाच पारड्यात बसतात. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’नं हे अंतर सहावर आणलं. अंतर निम्मं झालं की चौकोन चौपट होतात, शिवाय काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे ढोबळमानानं काम आठपट.

या कामाला लागणारा प्रत्येक युनिट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. पूर्वी खोलीभर गार हवा खेळवून ती काढत; त्या गारव्याचं बिल वेगळं. ‘अर्क’ ज्या जातीचा आहे त्या बुलसिक्वाना यंत्रात प्रोसेसरला धातूची पट्टी भिडवलेली असते आणि तिच्यातून पाणी वाहतं. गंमत अशी की हे पाणी चाळीस अंशांपर्यंत कोमट असलं तरी चालतं, कारण चिप त्याहून कितीतरी तापलेली असते. पुण्याची हवा बहुतेक दिवस चाळीसच्या खालीच असते. त्यामुळे तापून आलेलं पाणी निववायला एरवी लागणाऱ्या कॉम्प्रेसरची गरज फार कमी होते.

निघालेल्या उष्णतेचं काय? फिनलंडमधल्या कायानीत ‘लुमी’ हा महासंगणक जलविद्युतेवर चालतो आणि त्याच्या ऊन पाण्यावर गावातली घरं उबदार राहतात. आपल्याकडे घर तापवायची हौस कुणाला? गुऱ्हाळाच्या काहिलीला शंभरच्या वरचा ताव लागतो, तिथे हे पाणी तोकडं. चुलीत घालायचं चिपाड वाळवायला ते चाललं असतं, पण गुऱ्हाळं करवीरला आणि संगणक पाषाणला! चिपाडही वाया न घालवण्याची गुऱ्हाळाची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

ती शिस्त खरी लागते आकडेमोडीत. युरोपच्या हवामान केंद्रानं २०२१ मध्ये आपल्या अंदाजाच्या गणितातले दशांश जवळपास निम्म्यावर आणले. अंदाज बिघडला नाही आणि संगणकाचा सुमारे ४० टक्के वेळ वाचला. वाचलेला वेळ त्यांनी लगेच वातावरणाचे थर ९१ वरून १३७ करण्यात घातला. आपल्याला हे नवं नाही. ठिबक केलं, पाणी वाचलं, आणि त्याच पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला! यंत्र काटकसरी झालं म्हणून एकूण वीज कमी लागेलच असं नाही. म्हणून काय मोजायचं आणि कधी मोजायचं, हेही ठरवावं लागतं. उद्याच्या पावसाचा अंदाज थांबू शकत नाही. पण शंभर वर्षांच्या हवामानाचं संशोधन रांगेत थांबू शकतं. ते भर दुपारी, सौरवीज मुबलक असताना चालवता येतं. ‘अर्क’ म्हणजे सूर्य, त्याला हे नावाला साजेसंच होईल.

या विजेचा मोबदला मोजायची जागा मात्र पाषाणला नाही, ती पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीच्या गोठ्यात आहे. पाणी अंगणात आल्यावर म्हैस हलवायची म्हणजे अंधारात, गळाभर पाण्यातून, दावं हातात गुंडाळून. एक दिवस आधी कळलं तर तीच म्हैस टेम्पोत चढते, सोबत वैरणीच्या चार पेंढ्याही जातात. खर्च झालेल्या विजेनं हा एक दिवस मिळवून दिला, तर ती सत्कारणी लागली.