बोरघाटाची चढण आणि टर्बोचे दफ्तर

सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि तेव्हापासून खोपोलीहून खंडाळा-लोणावळ्याकडे चढणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या दमाची परीक्षा हा घाट घेत आला आहे. टर्बो मोटारींची शक्ती वाढविणाऱ्या उपकरणांची पारखही, माझ्या मते, सपाटीवर नव्हे तर येथेच व्हावी.

मावळाशेजारच्या चाकणला तयार झालेली 'पोलो जीटी टीएसआय' उदाहरणादाखल घ्यावी. २०१३ साली आलेल्या या गाडीचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, परंतु बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो सिलिंडरांत हवा दाबून भरीत असल्यामुळे तिची शक्ती १०५ अश्वांची. हवा किती दाबावी, ठिणगी केव्हा पाडावी, याचे सारे कोष्टक, म्हणजेच मॅप, इंजिन चालविणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या, दफ्तरी नोंदलेले असते.

या दफ्तराशी दोन तऱ्हांनी व्यवहार होतो. 'ट्यूनिंग बॉक्स' ही डबी सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसून खरा दाब कमी करून कळविते, आणि त्या खोट्या वर्दीवर विसंबून ईसीयू अधिक दाबाचा हुकूम सोडतो. हातात मावणारे फ्लॅशर मात्र स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटातून ईसीयूत नवा मॅपच लिहिते. अमेरिकेतील कॉब कंपनीचे 'ॲक्सेसपोर्ट' हे त्याचे नामांकित उदाहरण. लेखन चालू असता बॅटरी खचली तर ईसीयू निकामी होण्याची धास्ती असते, म्हणून जाणते कारागीर आधी चार्जर लावून घेतात.

तरीही माझा कौल फ्लॅशरलाच, आणि तो त्याच्या पडद्यासाठी. मे महिन्याच्या दुपारी मालट्रकांमागे रखडत चढताना इंटरकूलरला वारा मिळेनासा होतो, आत शिरणाऱ्या हवेचे तापमान पडद्यावर चढू लागते, आणि रस्ता मोकळा होताच पेडल पूर्ण दाबले की नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयूने ठिणगी किती अंश मागे सारली, हेही तेथे आकड्यांत उमटते. शंभर ऑक्टेनसाठी लिहिलेला मॅप ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालविल्यास हे अंश वाढत जातात, आणि मालकाला वेळीच सावध होता येते.

क्लचची कैफियत मात्र या पडद्यावर सहसा येत नाही. पोलोचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन-मीटर आणि तिच्या सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५०; नवा मॅप ही शिल्लक खात जातो, आणि घाटातील रांगेत रेंगाळून आधीच तापलेल्या कोरड्या क्लचांवर तो भार पडतो. म्हणून मॅप निवडताना अश्वशक्ती किती वाढली याच्या आधी, टॉर्क कोठे थांबविला आहे, हे मी विचारीन.