भिंतीतलं भोक चुकलं तर

ड्रिल मशीन आता पुष्कळ घरांत असतं. पडद्याच्या दांडीसाठी किंवा एका आरशासाठी सुतार यायला तयार होत नाही, मग आपणच भिंतीला भिडतो. बहुतेक वेळा काम सरळ होतं, कधीतरी भोक चुकतं. ते दुरुस्त होण्यासारखंच असतं. पण काय चुकलं हे न बघता शेजारी घाईनं दुसरं भोक पाडलं, किंवा कुणी बघायच्या आत पुट्टी थापली, की खरं नुकसान सुरू होतं.

पहिली पायरी, हात थांबवणं. चाप सोडावा आणि मशीनचा प्लग सॉकेटमधून काढावा. बिट, म्हणजे मशीनच्या तोंडाशी बसवलेली फिरणारी सळई, भिंतीत रुतलेली असेल तर ती लगेच ओढून काढू नये. त्याचं कारण पुढे येईलच.

मग खाली पडलेली भुकटी पाहावी. लाल असेल तर आपण विटेत आहोत. पांढरट, हलकी आणि भसाभस पडणारी असेल तर बहुधा सिपोरेक्स, म्हणजे नव्या इमारतींत वापरतात तो हलका ठोकळा. राखाडी भुकटी सुरुवातीला प्लास्टरची असते. पण बरंच आत गेल्यावरही तीच येत असेल आणि मशीन पुढे सरकत नसेल, तर समोर काँक्रीटचा खांब किंवा तुळई आहे. भुकटीत चकाकणारा चुरा दिसला तर बिट लोखंडाला टेकली आहे.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे भोक मोठं होणं. मशीन हातात हललं, प्लास्टरचा कपचा निघाला आणि गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) आतल्या आत फिरायला लागली. अशा वेळी स्क्रू आणखी आवळण्यात अर्थ नसतो. आवळाल तितकं भोक रुंदावतं. घरगुती कामात साधारणपणे ६ मिमीची बिट आणि गिट्टी वापरतात. तेच भोक ८ मिमीचं करून ८ मिमीची गिट्टी आणि तिला शोभेल असा जाड, लांब स्क्रू लावला की काम भागतं. काडेपेटीच्या काड्या कोंबण्याचा जुना उपाय हलक्या तसबिरीपुरता ठीक आहे. टीव्ही, गीझर किंवा भांड्यांचं कपाट त्यावर टांगू नये. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी मुळातच नीट धरत नाही. त्या ठोकळ्यासाठी वेगळी, लांब गिट्टी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात तीच मागावी.

भोक अर्ध्या इंचानं सरकलं असेल तर त्याला खेटून दुसरं पाडण्याचा मोह होतो. दोन भोकांमधली पातळ भिंत ढासळते आणि दोन्ही एक होतात. आधी चुकलेलं भोक भरून पूर्ण वाळू द्यावं, किंवा फिटिंगच दीड-दोन इंच सरकवता येतं का ते पाहावं. बरेचदा येतं, आणि आपल्याशिवाय ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

लोखंडाला बिट टेकली असेल तर काँक्रीटमधली ती सळई तोडून पुढे जायचं नाही. खांब आणि तुळईतल्या सळया इमारतीचं वजन पेलतात. जागा बदलावी आणि ते भोक सिमेंटच्या घट्ट मसाल्यानं बुजवावं. पीओपीनं (प्लास्टर ऑफ पॅरिसनं) बुजवू नये. दमट हवेत पीओपी ओल धरतं, त्यातून सळई गंजते आणि गंजलेलं लोखंड फुगून वरचं काँक्रीट फोडतं. किनाऱ्यालगतच्या इमारतींत ही भीती जास्त.

आता विजेची वायर. आपल्याकडे वायरी भिंतीत पुरलेल्या प्लास्टिकच्या नळीतून जातात, आणि ही नळी बहुतेक वेळा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली असते. तिथे ठिणगी उडाली किंवा घरातली वीज गेली तर मेन स्विच बंद करावा. एमसीबी, म्हणजे जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं की आपोआप पडणारा खटका, पडला असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये.

खटका पडला नाही म्हणजे वायर वाचली, असं मात्र नसतं. वरचं प्लास्टिक नुसतं सोललं गेलं किंवा एकटी अर्थिंगची वायर तुटली, तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पावसाळ्यात भिंत ओलावली की मग आरसीसीबी पडू लागतो. आरसीसीबी म्हणजे वीज अंगातून किंवा ओल्या भिंतीतून गळू लागली की पुरवठा तोडणारं उपकरण. घरात ते नसेल तर वीज नुसती भिंतीत येते आणि पहिला धक्का माणसाला बसतो. म्हणून शंका आली तरी वायरमनला बोलवावं. तो भोक मोठं करून तिथेच सांधा मारून टेप गुंडाळायला निघाला, तर त्याला थांबवावं. पुरलेला सांधा पुढे सैल होऊन तापतो. खराब वायर एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डापर्यंत सबंध ओढून नवी घालणं हाच खरा उपाय. थोडे जास्त पैसे इथे द्यावेत.

पाण्याची नळी फुटली तर घाबरगुंडी सगळ्यात मोठी, कारण ते दिसतं! बिट आत ठेवायची ती यासाठीच. तीच तात्पुरतं बूच होते आणि आपल्याला कॉक गाठायला वेळ मिळतो. मशीन भिजलं असेल, तर प्लगला ओल्या हातानं न शिवता मेन स्विच पाडावा. मग त्या बाथरूमचा कॉक बंद करावा. तो जाम असेल तर गच्चीवरच्या टाकीचा. कॉक कुठे आहे हे बरेचदा घरच्यांनाच माहीत नसतं. कॉक बंद झाल्यावर घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून नळीत उरलेलं पाणी काढून टाकावं.

दुरुस्तीत दोन चुका नेहमी होतात. एक, वाहत्या नळीवर एम-सील थापणं. दाबाखाली ते फार टिकत नाही. भिंतीच्या आत पाणी झिरपत राहतं आणि काही आठवड्यांनी खालच्या मजल्यावरचे शेजारी छताचा डाग दाखवायला येतात. योग्य रीत म्हणजे टाइल फोडून, नळीचा दुखावलेला तुकडा कापून नवा जोडणं. दुसरी चूक घाईची. प्लास्टिकच्या नळ्यांचं चिकटद्रव्य नळीच्या जातीप्रमाणे वेगळं असतं. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी नळीला तिचंच वापरावं आणि डबीवर लिहिलाय तितका वेळ ते सुकू द्यावं. पाणी सोडल्यावर निदान एक दिवस भिंत उघडी ठेवावी. सांधा कोरडा राहिला तरच बंद करावी.

टाइलला तडा गेला असेल तर रंग मिसळलेलं पांढरं सिमेंट भरून तो झाकता येतो, नाहीसा होत नाही. माळ्यावर जपलेल्या जादा टाइल असतील तर आता काढाव्यात. पुढच्या वेळी खुणेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे बिट घसरणार नाही. टाइल पार होईपर्यंत मशीनचं हॅमर, म्हणजे ठोके मारणारं बटण, बंदच ठेवावं.

शेवटी भोक भरणं. आधी ब्रशनं भुकटी झाडून भोक पाण्यानं ओलं करावं, नाहीतर कोरडी भिंत मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि भराव गळून पडतो. आतल्या कोरड्या भिंतीला पीओपी चालतं. ते मिनिटांत घट्ट होतं, म्हणून चिमूटभरच कालवावं. बाथरूममध्ये आणि बाहेरच्या भिंतीला सिमेंटच हवं. पुट्टी पातळ थरांतच लावावी, खोल भोकात एकदम कोंबली तर ती वाळताना आकसून तडकते. घासून, प्रायमर मारून मग रंग. नुसत्या ठिगळावर मारलेला रंग वेगळा दिसतोच. ते खुपत असेल तर ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवावी.

एक विनंती. वायरमन किंवा प्लंबर भिंत बुजवण्याआधी उघड्या नळीला मोजपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि घर भाड्यानं द्याल किंवा विकाल तेव्हा तो पुढच्या माणसाला द्या.